पिल्लाला पट्ट्यावर चालायला शिकवताय? आधी या चुका टाळा

आमच्या पिल्लाचं नाव भडंग (सांगलीत दुसरं काय ठेवणार). त्याचे लसींचे डोस पूर्ण झाले आणि त्याच दिवशी मी हौसेनं नवा पट्टा गळ्यात अडकवून त्याला डायरेक्ट विश्रामबागच्या रस्त्यावर नेलं. ऊसाचा सीझन, समोरनं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्यावर फुल आवाजात गाणी. गडी जो रस्त्यात बसला तो उठेचना, मी ओढतोय, तो मागं रेटतोय, आणि चहाच्या गाड्यावरची माणसं "अहो उचला की त्याला" म्हणतायत. शेवटी उचलूनच घरी आणलं.

तर पहिली चूक हीच, पट्टा आणि रस्ता एकाच दिवशी. पिल्लासाठी गळ्यातली वस्तूच नवीन असते, त्यात रस्त्याचे आवाज कशाला? आधी तीन-चार दिवस नुसता पट्टा, तोही जेवणाच्या टायमाला घाला म्हणजे खाण्याच्या नादात खाजवायचं विसरतं. मग त्याला हलकी दोरी बांधून घरात फिरू द्या, पण डोळ्यासमोर, नाहीतर खुर्चीच्या पायात अडकून घाबरतं. मग अंगण, मग गल्ली, आणि मेन रोड सगळ्यात शेवटी. हे सगळं डोस चालू असतानाच घरात करता येतं. लसी साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून चालू होतात आणि 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी असतात, तोवर जिथं भटकी कुत्री फिरतात तिथं खाली सोडू नका, पार्वोचा (पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीवावर बेतणारा रोग) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका, कडेवर घेऊन गाड्या, गर्दी, ट्रॅक्टर सगळं दाखवा. मी हे केलं असतं तर चहाच्या गाड्यावर शोभा झाली नसती.

बसलं की ओढायचं नाही. गळ्याला ताण आला की कुत्रं आपोआप उलट्या बाजूला जोर लावतं, वासराचा कासरा ओढून बघितलाय ना, तसंच. आपण दोन पावलं पुढं जाऊन खाली बसायचं, पट्टा सैल, आवाज गोड, आणि हातात खाऊ. आलं की लगेच द्यायचा. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे. आणि इथं एक आपल्याच भागाची चूक सांगतो, घराघरात बेदाण्याची पिशवी असते आणि पाहुणे सहज दोन बेदाणे टाकतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक असतो, अजिबात द्यायचा नाही, आणि चुकून खाल्लाच तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आता उलटा प्रॉब्लेम, पिल्लू आपल्यालाच ओढतंय. याचं खरं कारण आपणच असतो राव. ते ओढतं, आपण मागनं जातो, त्याला कळतं की ओढलं की पोचतो. म्हणून पट्टा ताठ झाला की जागेवर खांबासारखं उभं राहायचं, ना ओरडायचं ना हिसका द्यायचा. ते वळून बघेल, पट्टा ढिला पडेल, तेव्हा शाब्बास म्हणायचं, खाऊ आपल्या पायाजवळ द्यायचा आणि चालायला लागायचं. पहिला आठवडा दहा मिनिटांत तीन घरं पुढं जाता येत नाही, मी खोटं बोलणार नाही, शेजारचे काका विचारायचे "काय, गाडी बंद पडली का?" आणि हा नियम घरात सगळ्यांनी पाळायचा. आमचे बाबा मोबाईलवर बोलत त्याच्या मागं निवांत जायचे, त्यामुळं भडंग माझ्याबरोबर शहाणा आणि बाबांबरोबर बैलगाडी.

पट्ट्याचं पण बघा. लोखंडी साखळी पिल्लाला जड होते, ओढलं की आवळणारी साखळी तर नकोच, श्वासनलिकेला इजा होऊ शकते. आपोआप लांब होणारी दोरी पण नको, त्यात ताण कायम राहतो मग सैल म्हणजे काय ते पिल्लाला कळणारच कसं. साधी 5-6 फुटी दोरी घ्या, गळ्यातला पट्टा दोन बोटं जातील इतका सैल ठेवा, ओढणाऱ्याला हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) बरा. आणि कारवान (सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्याची जात) पिल्लू असेल तर जास्त जपा, त्याचं डोकं निमुळतं, साध्या पट्ट्यातनं मान कधी काढून घेतो कळत पण नाही आणि एकदा सुटलं की कारवानला पळून कोण धरणार? त्याला मार्टिंगेल कॉलर घ्या, तो ओढल्यावर थोडासाच आवळतो.

पट्टा चावत असेल तर हिसकावू नका, त्याला तो खेळ वाटतो. हात सैल सोडा आणि दुसरं खेळणं द्या.

एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर नाहीतर अंधार पडल्यावर न्या. डांबरावर तळहाताची मागची बाजू 7 सेकंद ठेवता येत नसेल तर पिल्लाचे पाय पण भाजणार. आणि रोज छान चालणारं पिल्लू एकदम चालेना झालं तर हट्टी म्हणायच्या आधी पंजे बघा. भडंग एकदा गेटपाशीच बसला, मी पाच मिनिटं खाऊ दाखवत होतो, आणि पायात बाभळीचा काटा होता.