दोन वर्षांनीही शोषखड्ड्यात खत होत नव्हतं: माझा अनुभव

मोहोळ तालुक्यातली आमची वस्ती, दोन शोषखड्ड्यांचा संडास: एक खड्डा भरला की तो बंद करायचा, मैला दुसऱ्यात सोडायचा, तोवर बंद खड्ड्यातल्या मैल्याचं खत होतं. दोन वर्षांनी ‘बंद’ खड्ड्याचं झाकण उचललं, तर आत ओला रबडा आणि डोकं उठवणारा वास. चुना टाकला, कल्चर पावडर (मैला कुजवणाऱ्या जिवाणूंची) टाकली. फिनेलनं तर उरलेसुरले जिवाणूही मारले. पार वैतागलो होतो.

दोष चेंबरात निघाला, म्हणजे संडासाचा पाइप जिथं दोन्ही खड्ड्यांकडं फुटतो त्या छोट्या हौदीत. गवंड्यानं दोन्ही पाइपांची तोंडं उघडीच ठेवलेली, म्हणजे दोन्हीकडं रोज ताजा मैला.

आधी चेंबरचं झाकण काढलं. भरलेल्या खड्ड्याच्या पाइपात विटेचा तुकडा बसवला, फटी चिखलानं लिंपल्या, वर सिमेंटचा पातळ हात (पुढं फोडायचाय). दोन बादल्या ओतून पाणी एकीकडंच जातंय हे पाहिलं. मग झाकणावर ऑइलपेंटनं तारीख टाकली. तारीख हवीच, जंतांची अंडी चिवट असतात, वर्षाच्या आत उघडायचं नाही. मी दीड वर्ष थांबलो.

मे महिन्यात उघडलं. चहाच्या चोथ्यासारखं काळं, भुसभुशीत, वास मातीचा. गमबूट-हातमोजे घालून काढलं, उन्हात वाळवलं, डाळिंबाच्या आळ्यात देऊन मातीनं झाकलं. मेथी-कोथिंबिरीला मात्र चिमूटभरही नाही.