भिंतीवरच्या रेघेपासून सुरुवात: पावसाळ्याआधी सोसायटीची तयारी

कुर्ल्यातल्या आमच्या इमारतीत जिन्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलची एक रेघ आहे. मध्ये दोनदा रंगकाम झालं, पण रंगाऱ्याला सांगून तेवढा पट्टा तसाच ठेवला. २६ जुलै २००५ ला पाणी तिथवर चढलं होतं. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तुमच्याकडे अशी रेघ नसेल, तर तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना विचारून आधी ती मारून घ्या.

मग त्या रेघेखाली काय काय आहे ते बघत फिरा. विजेचे मीटर, पंपाचा स्टार्टर आणि लिफ्टचा खड्डा यांच्यापासून सुरुवात करा. मीटर वर घ्यायचे तर वीज कंपनीची परवानगी आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून हे काम पहिलं. पाणी चढू लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद कोण करणार, ते नावानिशी ठरवा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, तिचा काठ अंगणापेक्षा उंच आहे का, हे स्वतः वाकून बघा. त्यात गटाराचं पाणी शिरलं तर अख्ख्या इमारतीचं पिण्याचं पाणी जातं.

मृग लागेपर्यंत थांबू नका. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. आम्ही १५ मे ही शेवटची तारीख धरतो.

पाणी नेमकं कुठून येतं, हे शोधण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पहिल्या जोरदार सरीत दोघांनी छत्री घेऊन खाली उभं राहायचं. फाटकातून येत असेल तर उंबरा वाढवून आणि वाळूची पोती रचून भागतं. पण खूपदा ते मोरीतून, चेंबरमधून उलटं वर येतं. तिथे पोत्यांवर केलेला खर्च वाया जातो. गटाराच्या जोडणीवर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्हच बसवावा लागतो.

भरतीचं वेळापत्रक लिफ्टजवळ चिकटवा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस लाल शाईने खुणावा. शहराच्या बहुतेक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात, त्यामुळे पाणी समुद्रात पडत नाही, साचून राहतं. म्हणून हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, इर्ला इथे पंप बसवले आहेत. आमच्याकडचं पाणी मिठी नदीत जातं. तिच्यात माहीमच्या खाडीकडून भरती चढली की जागाच उरत नाही. जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधले होते, २००५ नंतर ते ५० मिलिमीटरचे करायचं ठरलं. त्याहून जोराची सर भरतीच्या वेळी आली, तर नालेसफाई कितीही चांगली झालेली असो, पाणी तुंबणारच, हे धरून चाला.

माणसांची यादी वेगळ्या कागदावर करा. तळमजल्यावरची घरं, एकटे राहणारे आजी-आजोबा, डायलिसिसला जाणारे, फ्रीजमध्ये इन्सुलिन ठेवणारे. रात्री कोणाला कोणाच्या घरी न्यायचं, हे दोन्ही घरांना आधी विचारून ठेवा. वॉचमनची केबिन सगळ्यात खाली असते आणि त्याचंच नाव अशा यादीत राहून जातं; ते पहिलं लिहा. महापालिकेचा १९१६ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. मॅनहोलचं झाकण कोणीही उघडायचं नाही, पाणी कितीही तुंबलेलं असो. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांनी, पायाला जखम असो वा नसो, लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या, धोक्यामुळे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं.

मार्च २०२२ च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात पुरासोबत उष्म्याचाही विचार आहे. तेव्हा गच्चीवरची गळती बुजवतानाच पांढरा, ऊन परतवणारा रंग मारून घ्या. शेवटच्या मजल्यावरच्यांना एप्रिल-मेमध्ये फरक कळेल.

आणि यंदा पाणी आलंच, तर ते ओसरल्यावर भिंतीवरची ओल वाळायच्या आत उंची मोजा, तारीख-वेळ आणि भरती होती की ओहोटी, हे सोसायटीच्या वहीत लिहा. वॉर्ड ऑफिसला पत्र देताना हेच पान जोडायचं आहे.