चकोल्या: एकच पातेलं, दोन फोडण्या

आमच्याकडे रात्री पाच माणसं जेवायला असतात. मी, बायको, माझी आई, आठ वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. आईच्या दाढा गेल्यात. मुलीला ताटात लाल दिसलं की ती हात आखडते, मुलाचा रोजचा मूड रोज वेगळा, आणि बायकोला झणझणीत काही नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. दोन वर्षं मी पोरांचं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं असा स्वयंपाक केला. साडेनऊला सिंकमध्ये दोन कुकर, तीन पातेली आणि मी त्यांच्यासमोर उभा.

'मुलांचं आधी बाजूला काढून ठेवा, मग मोठ्यांसाठी तिखट घाला,' हा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता ऐकला तरी चिडचिड होते. बाजूला काढलेलं गार होतं, मग ते पुन्हा गरम करायचं, मग ते घट्ट होतं, मग त्यात पाणी घालायचं. शिवाय मुलं बघतात ना! ताईच्या आणि बाबाच्या ताटात वेगळं दिसलं की आपलं नको असतं. त्यापेक्षा सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खायचं आणि तिखट ज्याने त्याने ताटात वरून घ्यायचं, हे शंभरदा बरं. त्यासाठी चकोल्यांइतका, म्हणजे वरणात सोडून शिजवलेल्या कणकेच्या तुकड्यांइतका, सोयीचा पदार्थ मला तरी सापडलेला नाही.

मी सोलापूरकडचा, म्हणून चकोल्या म्हणतो. बायको अकोल्याची, ती वरणफळं म्हणते. लग्नाला अकरा वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. पण एक कबूल करतो, वरून फोडणी घ्यायची युक्ती तिच्या माहेरची. वऱ्हाडात गोळाभातावर फोडणीचं तेल घेतात, सासूबाई तेच वरणफळांवर घेत. आमच्या आईच्या चकोल्यांत तिखट आतच असायचं आणि आम्ही पोरं नाक ओढत खायचो.

पाच जणांना पाऊण वाटी तुरीची डाळ आणि दीड वाटी कणीक पुरते. वाटी कोणतीही घ्या, पण सगळ्याला तीच.

डाळ धुऊन, हळद-हिंग आणि तेलाचा थेंब घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. टोमॅटो किंवा आमसूल कुकरमध्ये घालू नका, आंबटाने डाळ लवकर शिजत नाही.

कुकर होईतो कणीक मळून घ्या. कणकेत हळद, मीठ, हातावर चोळलेला ओवा, चमचाभर बेसन आणि चमचाभर तेल. पोळीच्या कणकेसारखी सैल नको, पुरीच्या कणकेसारखी घट्ट हवी. झाकून पंधरा मिनिटं ठेवा.

कुकरचं झाकण पडलं की डाळ घोटून घ्या आणि मोठ्या पातेल्यात पहिली फोडणी करा. तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, बारीक चिरलेला टोमॅटो, हळद. इथे मिरचीही नाही आणि तिखटही नाही. अर्धा चमचा गोडा मसाला मात्र घाला. गोडा मसाला तिखट नसतो, पण मुलांच्या जेवणाला घाबरणारी माणसं तोही वगळतात आणि मग वरणाला दवाखान्याच्या जेवणाची चव येते. मुलांना तिखट सोसत नाही, चव सोसते. मग घोटलेली डाळ ओता, दोन-तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. कणकेतही मीठ आहे हे लक्षात ठेवून घाला.

इथवर चूक करायला फारसा वाव नाही. आता खरी परीक्षा.

चकोल्या वरणात सोडणं. मी पहिल्यांदा केल्या तेव्हा कुठल्याशा झटपट कृतीवर भरवसा ठेवून सगळं कुकरमध्येच घातलं आणि दोन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत एकच गोळा. डावाने कापून वाढावा लागला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिने तो बोटाने दाबून पाहिला आणि विचारलं, 'बाबा, हा कशाचा केक आहे?' दुसऱ्यांदा पातेल्यात केल्या, पण सगळ्या पोळ्या आधी लाटून, कापून, ताटात रचून ठेवल्या आणि एकदम ओतल्या. पुन्हा चिकटल्या, आणि मधल्या कच्च्याही राहिल्या. तिसऱ्यांदा चिकटल्या नाहीत, पण वरण खाली लागलं. जळका वास घरभर. त्या रात्री आम्ही ब्रेड-ऑम्लेट खाल्लं.

तीनही वेळा चूक वेगळी होती, म्हणून एकेक सांगतो.

पहिली गोष्ट वरणाच्या पातळपणाची. सोडायच्या आधी वरण इतकं पातळ हवं की तुम्हाला वाटेल आपण पाणी जास्त घातलं. डाळ शिजवलेलं पाणी धरून साडेसहा-सात वाट्या. भातावर घ्यायच्या वरणासारखं नको, सारासारखं हवं. चकोल्या पाणी ओढतात, वर त्यांच्या अंगचं पीठ सुटून वरण दाट होतं. आधीच घट्ट असलेलं वरण उकळत नाही, ते फदफदतं, आणि फदफदणारं वरण तळाशी लागतंच. माझं तिसऱ्यांदा हेच झालं. पाण्याचं गरम भांडं शेजारच्या शेगडीवर तयार ठेवा. मधेच गार पाणी ओतलं की उकळी मोडते, आणि उकळी मोडली की पुढचं सगळं बिघडतं.

दुसरी गोष्ट उकळीची. वरण खळखळा उकळत असलं की चकोली आत पडल्याबरोबर तिचं वरचं पीठ शिजून आवळतं, मग ती शेजारणीला चिकटत नाही. कोमट किंवा नुसत्या वाफाळत्या वरणात पडली तर पीठ शिजायच्या आधी भिजतं आणि त्याची खळ होते. पुस्तकाला कागद चिकटवायला आपण करायचो तीच खळ. गॅस मोठा ठेवा आणि शेवटची चकोली पडेपर्यंत कमी करू नका.

तिसरी गोष्ट, आणि इथे माझ्याशी कोणी वाद घालू नये: एक पोळी लाटायची, कापायची, सोडायची, मगच दुसरी लाटायला घ्यायची. कापलेल्या चकोल्या ताटात रचून ठेवल्या की पाच मिनिटांत एकमेकींना धरतात. पीठ भुरभुरून ठेवलं तर ते सगळं पीठ वरणात जातं आणि वरणाची लापशी होते. 'सकाळी कापून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी सोडा' असंही कोणी सांगतं. त्याने स्वतः करून बघितलेलं नसतं. एक पोळी लाटायला जो मिनिट-दीड मिनिट लागतो, तेवढ्यात आधीच्या चकोल्या वर तरंगतात आणि वरणाला पुन्हा उकळी येते. लाटणं आणि उकळी यांची लय आपोआप जमते. दीड वाटी कणकेच्या चार पोळ्या होतात, म्हणजे जेमतेम सहा-सात मिनिटांचं काम.

पोळी पुरीइतकी जाड. पातळ लाटली तर चकोल्या विरघळतात, जाड राहिली तर पोटात कच्ची रेघ राहते. शंकरपाळ्यासारख्या कापा, कातणं असेल तर उत्तमच, नसेल तर सुरी. पोळीच्या कडेच्या वेड्यावाकड्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करून तेही सोडा. मुलांच्या आणि आईच्या ताटात मी तेच जास्त वाढतो. चांदण्या-फुलपाखरांचे साचे वापरायची हौस मी एकदा करून पाहिली. मुलाने सगळी फुलपाखरं वेचून काढली, पाटावर रांगेत मांडली आणि एकही खाल्लं नाही.

सोडताना मूठभर एकदम नको, पातेल्यावर हात फिरवत सुट्या सुट्या सोडा. सोडल्यावर लगेच डाव घालू नका. ओल्या चकोल्या डावाने मोडतात. अर्ध्या मिनिटाने डावाच्या दांड्याने तळातून एकदाच हलकं फिरवा, किंवा पातेलं कडांनी धरून हिसका द्या. मी हिसका देतो. बायको म्हणते एक दिवस सगळं ओट्यावर येईल. अजून आलेलं नाही.

सगळ्या सोडून झाल्या की गॅस मध्यम, झाकण अर्धवट, आठ ते दहा मिनिटं. दोन-तीनदा तळ तपासा. झालंय का ते बघायला एक चकोली बाहेर काढून चमच्याने मधोमध कापा. कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं, पिवळी तुळतुळीत दिसली तर गॅस बंद. आणि वरण हवं त्याहून थोडं पातळ असतानाच बंद करा, कारण ताटं घेईपर्यंत ते आणखी आळतं.

आता वाढायचं. आधी मुलांना, आणि वाटीत नाही, पसरट ताटलीत. चकोलीची वरची बाजू लवकर निवते, पण आत चांगलीच गरम असते. वाटीतली गार समजून मुलाने तोंडात घातली आणि जीभ भाजून घेतली, तेव्हापासून पुढचे पंधरा दिवस तो 'पिवळं नको' म्हणत होता. ताटलीत पसरून वर चमचाभर तूप घातलं की पाच-सात मिनिटांत खाण्याजोगी होते. अगदी लहान मूल असेल तर चमच्याने मोडूनच द्या, तुकडा निसरडा असतो. काही घरांत वरणात अख्खे शेंगदाणे घालतात. चार-पाच वर्षांखालचं मूल पंगतीत असेल तर घालू नका, घशात अडकतात. चव हवीच असेल तर कूट घाला. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला यातलं नको, यात मीठ-गूळ आहे. त्याच्यासाठी शिजलेली डाळ फोडणीआधीच चमचाभर काढा. बाजूला काढायला माझी एवढी एकच परवानगी आहे.

मुलांच्या ताटल्या निवतात तेवढ्यात मोठ्यांची फोडणी. फोडणीच्या कढल्यात तीन-चार चमचे तेल तापवा, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून घाला, कडा लाल झाल्या की दोन-तीन सुक्या मिरच्या मोडून टाका. कढलं गॅसवरून उतरवा, मनात दहा आकडे मोजा, आणि मग चमचाभर लाल तिखट. गॅसवर असताना तिखट घातलं तर ते काळं पडतं आणि घर खोकतं. ही फोडणी पातेल्यात ओतायची नाही. छोट्या वाटीत काढून चमचा घालून मधोमध ठेवायची. बायको तीन चमचे घेते, मी एक. आई फक्त लसूण वेचून घेते, मग तो चावत नाही म्हणून माझ्या ताटात टाकते.

याचा एक फायदा मला नंतर कळला. वाटी समोर असते, म्हणून मुलगी विचारते, 'मी थोडं घेऊ?' मी हो म्हणतो. आधी चमच्याचं टोक बुडवून एक थेंब, मग दोन. आता सात-आठ थेंबांवर आलीये. तिखट खायला कोणी शिकवावं लागत नाही, हाताशी ठेवावं लागतं. पातेल्यात आधीच घातलं असतं तर अजून रडत बसली असती.

बरोबर पापड, लिंबाची फोड, कच्चा कांदा. भाजी करायची गरज नाही. गव्हाच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीच्या प्रथिनात उणं असतं ते गव्हात, त्यामुळे ताट पोटभरीचं होतं. अगदीच मन खात असेल तर पहिल्या फोडणीत मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक परता. पण बीट किसून 'मुलांना कळणार नाही' अशा बेताने लपवू नका. मुलांना कळतं.

सगळं मिळून पाऊण तास लागतो, त्यातली वीस मिनिटं कुकरची. घासायला एक कुकर, एक पातेलं, पोळपाट-लाटणं आणि कढलं.

उरल्या तर सकाळपर्यंत त्यांचा घट्ट थर होतो. पाणी घालून गरम करत बसू नका. तव्यावर तेल आणि जिरं टाकून तो थर चमच्याने फोडत खरपूस परता. आमच्याकडे रात्री चकोल्यांना नाक मुरडणारा मुलगा सकाळी हे उभ्या उभ्या तव्यातून खातो, म्हणून मी आता कणीक दोन वाट्या भिजवतो.