मित्रमंडळींसाठी घरचा खमंग कीश

कोल्हापुरात कीश करण्याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे इथले म्हशीचे दूध. फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांतातून आलेल्या या पदार्थात मैद्याच्या खुसखुशीत पारीत अंडी आणि साय यांचे दाट मिश्रण भरून ओव्हनमध्ये भाजतात. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारे दूध तापवून रात्रभर गार ठेवले की त्यावर जी जाड साय धरते, ती हाताशी असताना क्रीमचे पाकीट आणावे लागत नाही. खरी कसोटी पारीची असते. कीश वरून सोनेरी दिसतो, पण सुरी तळाला गेली की पारी ओली आणि कच्ची निघते. हे टाळणे हेच यातले मुख्य काम.

साधारण २३ सेंटिमीटर रुंदीच्या उथळ भांड्यासाठी २०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम बटर लागते. करंजीच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो, इथे मात्र नेमके उलट करायचे असते: बटर फ्रीजमधून काढल्या काढल्या बारीक तुकडे करून मैद्यात टाकावे आणि तळहात न लावता बोटांच्या टोकांनी झटपट चोळावे. पिठात वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले तरी चालतात, किंबहुना ते राहायलाच हवेत, कारण भाजताना ते वितळून त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पारीला पदर सुटतात. घरचे लोणी मी यात वापरत नाही. त्यातल्या ताकाच्या अंशाने मैदा चिवट होतो. बर्फाचे पाणी ३ ते ४ मोठे चमचे, गोळा जेमतेम जमेल इतकेच घालावे, मळू नये, आणि गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी लवकर उरकावे, नाहीतर बटर हातातच वितळते.

पारी लाटून भांड्यात कडेपर्यंत बसवावी, काट्याने टोचे मारावेत, वर बटर पेपर घालून त्यावर कोरडा राजमा पसरावा आणि १९० अंशांवर १५ मिनिटे भाजावी. राजम्याच्या वजनाने तळ फुगत नाही आणि कडा खाली घसरत नाहीत. मग कागद व राजमा काढून पारी आणखी ८ ते १० मिनिटे, फिकट बदामी होईपर्यंत भाजावी. गरम असतानाच तिला आतून फेटलेल्या अंड्याचा पातळ हात द्यावा आणि २ मिनिटे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावी. त्या थराने पारीतली छिद्रे बुजतात.

मूळ पदार्थात डुकराचे खारवलेले मांस असते. आपल्याकडे २ कांदे मंद आचेवर २० मिनिटे परतून त्यात २०० ग्रॅम मश्रूम घालावेत आणि सुटलेले पाणी पूर्ण आटवावे. कांदा परतताना अर्धा चमचा आपली कांदा-लसूण चटणी घातली तर सुरेख चव येते. जास्त घातली तर सायीची चव हरवते. एकदा मी पालक नुसता परतून घातला होता, आणि पारी उत्तम भाजलेली असूनही तळ भिजला. तेव्हापासून उकळत्या पाण्यातून काढलेला पालक मी पंचात घालून घट्ट पिळते.

३ अंडी, १५० ग्रॅम साय आणि १५० मिलिलिटर दूध हाताने एकजीव करून गाळून घ्यावे. मिक्सर नको, त्याने फेस येतो. मीठ, मिरपूड आणि किंचित जायफळ घालावे. पारीत आधी सारण, त्यावर ७५ ग्रॅम किसलेले चीज आणि मग हे मिश्रण ओतून १७० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. भांडे हलवल्यावर कडा स्थिर राहून मधला भाग ताज्या खरवसासारखा हलला, की लगेच बाहेर काढावे. त्याहून जास्त भाजले तर अंडे आकसून पाणी सोडते. निदान अर्धा तास निवल्याशिवाय कापू नये.

बोलावण्याआधी कोण कोणत्या वारी अंडे खात नाही हे जरूर विचारावे. अशांसाठी त्याच पिठाच्या छोट्या पाऱ्या, अंड्याचा हात न देता, वेगळ्या भाजून त्यांत परतलेले मश्रूम आणि चीज भरावे. संध्याकाळी रंकाळ्यावर न्यायचा असेल तर कीश भांड्यातच राहू द्यावा आणि वर घट्ट झाकणाऐवजी सुती कापड टाकावे, म्हणजे वाफ कोंडून पारी मऊ पडत नाही. याचे ८ तुकडे होतात, आणि सोबत काकडीची कोशिंबीर पुरते. उरलेला तुकडा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण घालून मंद आचेवर गरम करावा.