बालीत आयात-निर्यात सुरू करताय? या चुका टाळा

सुट्टीला बालीला गेलेला माणूस उबुडच्या रस्त्यावरून फिरतो, चौथ्या दुकानात टोपलीची किंमत विचारतो आणि मनातल्या मनात गुणाकार सुरू करतो. इथे एवढ्याला, तिकडे तिप्पट. परतीच्या विमानात कंपनीचं नावही ठरलेलं असतं. पुढे जे काही बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा या गुणाकारात सापडतं. बाली हे मालाचं दुकान आहे. त्या दुकानातला बराच माल दुसऱ्या बेटावर तयार होतो, आणि तो परदेशी पाठवणारं मोठं बंदरही बालीत नाही. पर्यटकाला यातलं काही दिसत नाही, आणि दिसण्याचं कारणही नाही.

दुकानदारालाच कारागीर समजणं

बालीत गावागावांची हातोटी वेगळी. चांदीसाठी चेलुक, लाकडी कोरीवकामासाठी मास, दगडी मूर्तींसाठी बाटुबुलान, दुहेरी इकतच्या गेरिंगसिंग कापडासाठी तेंगानान. पण मुख्य रस्त्यावरच्या शोरूममध्ये 'आमच्या वर्कशॉपचं' म्हणून दाखवलेलं सागवानी कपाट मध्य जावातल्या जेपाराचं असण्याची शक्यता भरपूर. त्यात फसवणूक आहे असं नाही. दुकानदार मधला व्यापारी आहे, इतकंच. अडचण नंतर येते. दोनशे नगांची ऑर्डर दिल्यावर चाळीस नगांचा रंग वेगळा निघतो, आणि दुरुस्तीसाठी ज्याच्याशी बोलायचं तो सुतार तुम्ही कधी पाहिलेलाच नसतो.

म्हणून पहिला प्रश्न भावाचा नको. 'हे कुठे बनतं, मला तिथे नेता का?' असं विचारा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या भावात मध्यस्थाचा वाटा आहे हे धरून चला. दर्जाची जबाबदारी कोणाची, हे आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर आणा. नमुन्याचे दोन नग घ्या, दोन्हींवर सही करा, एक त्याच्याकडे ठेवा, एक स्वतःकडे. वाद झाला की फोटोपेक्षा हा सही केलेला नग कामाला येतो. करार इंडोनेशियन भाषेतही हवा: २००९ च्या भाषा कायद्याप्रमाणे स्थानिक पक्षाशी केलेल्या कराराला ती अट आहे, आणि फक्त इंग्रजीत केलेला कर्जकरार तिथल्या न्यायालयाने रद्द ठरवल्याचं उदाहरण आहे.

वायद्याचंही तसंच. गालुंगान हा सण बालीच्या पावुकोन पंचांगाप्रमाणे दर २१० दिवसांनी येतो, त्यामुळे आपल्या कॅलेंडरवर तो दर वर्षी सरकत राहतो. त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगान. त्या काळात गावातलं काम मंदावतं. कारागिराने 'सहा आठवडे' म्हटलं, की ते सहा आठवडे गालुंगानच्या अलीकडे संपतात की पलीकडे, हे आधी मोजा.

दुसऱ्याच्या नावावर कंपनी

ही चूक सर्वांत महागात पडते, आणि ती सुचवणारा माणूस बहुधा चांगला ओळखीचा, मनमिळाऊ असतो. 'परदेशी कंपनीची भानगड कशाला? माझ्या मेव्हण्याच्या नावावर काढू, आतून करार करू.' इंडोनेशियाच्या २००७ च्या गुंतवणूक कायद्याचं ३३ वं कलम असा आतला करार थेट निरर्थक ठरवतं. म्हणजे भांडण झालं तर तुमचा कागद न्यायालयात टिकणार नाही, आणि शेअर मात्र मेव्हण्याचेच राहतील.

सरळ वाट म्हणजे परदेशी भांडवलाची कंपनी, तिथल्या भाषेत 'पेटे पेएमआ'. इथे अलीकडे एक गैरसमज पसरला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भरणा करायच्या भांडवलाची किमान मर्यादा अडीच अब्ज रुपियांवर आणली गेली, आणि 'आता अडीच अब्जांत काम होतं' अशी आवई उठली. एकूण गुंतवणुकीची अट मात्र तशीच आहे: जमीन आणि इमारत वगळून १० अब्ज रुपियांहून अधिक. हिशेब करताना या दोन आकड्यांची गल्लत करू नका.

नोंदणी ओएसएस या ऑनलाइन व्यवस्थेतून होते आणि धंद्याचा क्रमांक, एनआयबी, मिळतो. तोच आयातदाराची ओळख म्हणूनही चालतो, पण तिथे दोन प्रकार आहेत. आपिऊ म्हणजे विकण्यासाठी आयात, आणि आपिपे म्हणजे स्वतःच्या उत्पादनासाठी आयात. एका कंपनीला एकच मिळतो. आपिपेवर आणलेला माल दुकानात मांडला तर तो नियमभंग, मग कर भरलेला असो वा नसो. अर्ज भरणाऱ्या एजंटला हा फरक समजावून सांगायला लावा. त्याला तो सांगता आला नाही, तर एजंट बदला.

व्हिसाबद्दल थोडक्यात: पर्यटक म्हणून माल बघता येतो, भाव करता येतो, बैठका घेता येतात. तिथे राहून रोजचा धंदा चालवता येत नाही. त्यासाठी राहण्याचा आणि कामाचा परवाना वेगळा. समाजमाध्यमांवर स्वतःच्या गोदामाचे फोटो टाकून पुढे हद्दपार झालेल्यांच्या बातम्या बालीत नव्या नाहीत.

'अंडरनेम'चा सोपा रस्ता

कंपनी नसताना माल पाठवण्यासाठी बालीतले कार्गोवाले आपल्या परवान्यावर निर्यात करून देतात. याला तिथे अंडरनेम म्हणतात. वर्षातून एखादा कंटेनर नेणाऱ्याला हे पुरेसं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते. निर्यातदार म्हणून कागदोपत्री नाव कार्गोवाल्याचं, पैसे तुमच्याकडून कारागिराला गेलेले, आणि तुमच्या देशातलं कस्टम विचारतं की ही किंमत नक्की कुणी कुणाला दिली? तेव्हा प्रत्येक कारागिराची पावती आणि बँकेतून गेलेल्या रकमेचा पुरावा लागतो. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा मागाहून तयार करता येत नाही.

अंडरनेमने आयात हा वेगळा विषय, आणि माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कागदावर माल परवानेवाल्याचा असतो. उद्या त्याच्यावर कराची थकबाकी निघाली, तर तुमचा माल त्याच्या प्रकरणात अडकतो.

लाकूड: इथेच सगळे घसरतात

पहिली गोष्ट जातीची. तिथे 'सोनोकेलिंग' म्हणून दाखवतात ते गडद, सुंदर लाकूड म्हणजे आपला शिसव. जानेवारी २०१७ पासून शिसवाची संपूर्ण प्रजाती साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे व्यापाराला बंदी नाही, पण परवाना लागतो. दुकानात कुणी हे सांगत नाही, कारण पर्यटक एखादी वाटी पिशवीत घालून नेतो. पन्नास टेबलं नेणाऱ्याला मात्र साइट्सचा कागद नसेल तर माल जप्त होऊ शकतो. हीच गोष्ट प्रवाळ, मोठे शिंपले, नॉटिलस आणि अजगराच्या कातड्याची. 'पर्यटकांना तर खुलेआम विकतात' हा युक्तिवाद कस्टमसमोर चालत नाही.

दुसरी गोष्ट कायदेशीर तोडीची. इंडोनेशियात लाकडासाठी एसव्हीएलके ही पडताळणी व्यवस्था आहे, आणि फर्निचरसह लाकडाच्या बहुतेक निर्यातीला तिचा व्ही-लीगल दाखला लागतो. युरोपसाठी परवाना देणारा इंडोनेशिया हा पहिला देश, १५ नोव्हेंबर २०१६ पासून. छोट्या सुताराकडे हा दाखला नसतो. तो ज्याच्याकडे आहे त्याच्यामार्फत माल जावा लागतो. ही सोय ऑर्डर देण्याआधी करा. कंटेनर भरल्यावर दाखला शोधणं म्हणजे वरात दारात आल्यावर मुहूर्त विचारणं.

जुन्या वस्तूंचं तर विचारूच नका. ५० वर्षांहून जुनी वस्तू सांस्कृतिक वारसा ठरू शकते, आणि २०१० च्या वारसा कायद्याप्रमाणे ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. गंमत अशी की बाजारातलं बरंच 'जुनं' फर्निचर गेल्या वर्षी मुद्दाम जुनाट केलेलं असतं. तेव्हा ते नवीन आहे याचा दाखला घ्यावा लागतो. विकताना जुनं, पाठवताना नवं.

तिसरी गोष्ट ओलावा, आणि यात मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. सुआर म्हणजे पर्जन्यवृक्ष, आपल्याकडे विलायती शिरीष म्हणतात तो. त्याच्या एकसंध जाड फळ्यांची टेबलं देखणी दिसतात. मी घेतलेल्या फळ्यांवर मीटर लावला, आकडा चांगला आला, पैसे दिले. माल थंड, कोरड्या हवेच्या घरांत पोहोचला आणि तीन महिन्यांत फळ्या तडकल्या. मीटर फक्त पृष्ठभाग मोजत होता. जाड फळीच्या पोटातलं पाणी त्याला दिसतच नव्हतं. आता मी फळीचं टोक कापून, ताज्या कापावर लांब सुयांनी मोजून घेतो. कोरड्या हवेत जाणाऱ्या मालात ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असावा, आणि लाकूड भट्टीत वाळवलेलं असावं. अंगणात ऊन देऊन वाळवलेलं लाकूड बालीच्या दमट हवेत त्या आकड्यापर्यंत सहसा येत नाही.

लाकूड नीट वाळलेलं असलं, तरी बंद कंटेनरमध्ये दिवसा गरम आणि रात्री गार होताना छतावर पाणी जमतं आणि मालावर टपकतं. गवताच्या टोपल्यांवर बुरशी येते ती याच पाण्याने. शोषक पिशव्या टांगा, टोपल्या बांधण्याआधी वाळवा, आणि माल गार असताना पहाटे प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. पॅकिंगच्या लाकडी पेट्या-पॅलेटांवर आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता, किमान ३० मिनिटं. शिक्का नसेल, तर आतला माल कितीही निर्दोष असो, पेटी अडवली जाते.

बंदर बालीत नाही

बेनोआ बंदर आहे, पण बालीतून जाणारे बहुतेक निर्यात कंटेनर रस्त्याने गिलिमानुकला, तिथून फेरीने केतापांगला आणि पुढे जावातल्या सुराबायाच्या तांजुंग पेराक बंदरात जातात. देनपासारहून सुमारे ४०० किलोमीटर. ही फेरी हा सगळ्या साखळीतला नाजूक दुवा. जुलै २०२५ मध्ये याच सामुद्रधुनीत एक फेरी बुडाली, नंतर काही जहाजं तपासणीसाठी थांबवली गेली आणि केतापांगला ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागल्या.

न्येपी म्हणजे बालीचं मौन पाळायचं नववर्ष, त्या दिवशी तर सगळी बाली बंद. विमानतळ २४ तास बंद, फेरीसुद्धा बंद. २०२५ आणि २०२६ मध्ये न्येपी आणि रमजान ईद अगदी लागून आल्या, आणि ईदच्या गर्दीत मालट्रकांवर निर्बंध असतात. मार्चमध्ये जहाज पकडायचं असेल तर माल फेब्रुवारीतच सुराबायात पोहोचवा.

भावाच्या अटींमध्ये 'एक्स वर्क्स' दिसलं की थांबा. कारखान्याच्या दारातून पुढचं सगळं, निर्यातीच्या कस्टमसकट, तुमच्या डोक्यावर. शक्यतो एफओबी सुराबाया मागा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची. पूर्ण कंटेनर न भरणारा सुटा माल पाठवताना स्वस्त जलभाड्यावर भुलू नका. उतरण्याच्या बंदरातले खर्च कित्येकदा भाड्याहून जास्त निघतात, तेव्हा ते लेखी मागून घ्या. विमानाने पाठवताना एक घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात. १२० किलोच्या टोपल्यांनी दोन घनमीटर जागा घेतली, तर बिल ३३४ किलोंचं येईल. म्हणून टोपल्या एकात एक बसणाऱ्या मापांत बनवून घ्याव्यात. वजन तेवढंच राहतं, बिल निम्म्यावर येतं.

बालीत माल आणणाऱ्यांसाठी

पर्यटकांना विकायला माल आणणं वरवर सोपं वाटतं, पण आयातीची बाजू निर्यातीपेक्षा कितीतरी कडक. सौंदर्यप्रसाधनं आणि पॅकबंद खाद्यपदार्थांना बीपीओएम या तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेची नोंदणी लागते. जुने कपडे विक्रीसाठी आणायला बंदी आहे. आयात केलेल्या खाद्यपदार्थांना हलाल प्रमाणपत्राची मुदत १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली गेली. जो पदार्थ हलाल नाही, त्यावर तसं छापावं लागतं. कुरियरने येणाऱ्या नमुन्यांना २०२० पासून फक्त ३ डॉलरपर्यंत आयात शुल्क माफ आहे, त्यामुळे 'नमुना आहे, विक्रीसाठी नाही' असं लिहून काही सुटत नाही. इंडोनेशियातल्या व्यवहारांत भाव रुपियांत ठेवणंही बंधनकारक आहे.

साठा करताना एक आकडा भिंतीवर लावा. २०१९ मध्ये बालीत ६० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक थेट उतरले. २०२१ च्या संपूर्ण वर्षात शंभरसुद्धा नाही. गोदामात फक्त पर्यटकांसाठीचा माल भरणाऱ्यांचं तेव्हा काय झालं असेल, याचा अंदाज बांधा.

कंटेनर अडकलाच तर

कस्टमने 'लाल मार्गा'वर टाकलेल्या कंटेनरची प्रत्यक्ष तपासणी होते. अशा वेळी कागद बदलण्याचा मोह होतो. तसं करू नका. पॅकिंग लिस्ट आणि पेटीतला माल जुळत नसेल, तर कस्टम एजंटमार्फत दुरुस्तीचा अर्ज करा आणि चूक लेखी मान्य करा. पेट्यांवर क्रमांक आणि प्रत्येक पेटीचा भरतानाचा फोटो असेल तर हे काम झटपट उरकतं.

त्याच दिवशी फॉरवर्डरला, म्हणजे मालाची वाहतूक जमवून देणाऱ्या एजंटला, तीन तारखा विचारा: बंदरातल्या जागेचं भाडं कधी सुरू होतं, जहाज कंपनीचा कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार कधी लागतो, आणि रिकामा कंटेनर परत करायची मुदत कधी संपते. ही तीन वेगळी बिलं आहेत आणि तिन्ही रोज वाढतात. सवलतीचे दिवस वाढवून मागायचे असतील तर माल बंदरात पोहोचण्याआधी मागा. नंतर मागितल्यावर सहसा मिळत नाहीत.