केन नॉर्डिन ऐकायचा कसा
केन नॉर्डिन २०१९ मध्ये गेला, शिकागोचा रेडिओवाला, जॅझ संगीताच्या साथीवर छोटे तुकडे बोलून सादर करणारा, आवाज इतका खोल की एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही. आठवण म्हणून ऐकायचा असेल तर आधी १९६६ चा 'कलर्स' हा अल्बम लावा, एकेका रंगावर एक छोटा तुकडा, मुळात हे एका पेंट कंपनीच्या रेडिओ जाहिरातींतून सुरू झालेलं. हेडफोन हवेतच, आणि इंग्रजी नाही कळलं तरी चालेल, पहिल्यांदा फक्त तो कुठे थांबतो आणि तेव्हा मागची वाद्यं काय करतात तेवढंच पकडा, खरी मजा तिथंच आहे. मग १९५७ चा 'वर्ड जॅझ', हा मात्र रात्री निवांत, एका वेळी दोन-तीन तुकडेच. आवडलेला तुकडा स्वतः मोठ्याने म्हणून बघा, त्याने श्वास कुठे घेतलाय ते लगेच कळतं.