पोखरण घेऊन बघू: तीन पातळ्यांवर विश्लेषण कसं करायचं

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून मुलं आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची उत्तरं दाखवायला आणतात तेव्हा बहुतेक वेळा एकच साचा दिसतो, व्यक्ती, राज्य, व्यवस्था असे तीन रकाने, प्रत्येकात तीन-चार कारणं, खाली निष्कर्ष. कुठल्या तरी नोट्समध्ये हेच शिकवलेलं असतं. ही नुसती यादी झाली, विश्लेषण नाही.

१. घटना निवडा (इथे मे १९९८ ची पोखरणची अणुचाचणी), सुचतील ती सगळी कारणं लिहून काढा.

२. कारणं पातळ्यांत वाटा: नेता, देशाच्या आतलं राजकारण, देशादेशांमधली सत्तेची मांडणी, म्हणजेच व्यवस्था. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये या तीन मांडल्या, याच विषयाच्या सिंगरने १९६१ मध्ये दोनच घेतल्या, तेव्हा किती पातळ्या यावर वाद घालत बसू नका.

३. आता खरी अवघड जागा, मलाही हीच सगळ्यात उशिरा जमली. कुठलं कारण नक्की कशाचं उत्तर देतंय ते तपासायचं. ‘भारताने अणुबॉम्ब का केला’ आणि ‘मे १९९८ मध्येच चाचणी का केली’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की सगळं उत्तर बिघडतं. चीनची पहिली चाचणी १९६४ ची. पहिल्या प्रश्नाला हे भक्कम कारण आहे, पण दुसऱ्याला एकट्याने पुरत नाही, कारण चीनकडे बॉम्ब १९९७ मध्येही होताच की! जे बदललंच नाही ते बदलाचं कारण कसं होईल?

मग नेता बदलून बघा. वाजपेयी नसते तर? १९७४ ची चाचणी इंदिरा गांधींच्या काळातली, १९९५ मध्ये नरसिंह रावांच्या काळात तयारी झाली होती, अमेरिकन उपग्रहांना ती दिसली, दबाव आला आणि चाचणी झाली नाही. म्हणजे बॉम्ब हवा होता तो काही एका माणसाला किंवा एका पक्षाला नाही. पण मार्च १९९८ मध्ये सत्तेवर येऊन मे महिन्यात चाचणी, या घाईसाठी मात्र वाजपेयी आणि भाजपचा जाहीरनामा दोन्ही लागतात. व्यवस्थाही स्थिर नव्हती हं, १९९५ मध्ये एनपीटी (अण्वस्त्रांचा प्रसार रोखणारा करार) कायमचा झाला, १९९६ मध्ये सीटीबीटी (सगळ्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार) आला, चाचणीची वाट बंद होत चालली होती, त्यामुळे ‘आत्ताच’ या प्रश्नात वरची पातळीही येते.

आणि एक कळकळीने सांगते, एका पातळीवरचा पुरावा देऊन दुसऱ्या पातळीवरचा निष्कर्ष काढू नका. चाचणीनंतर लोकांनी पेढे वाटले म्हणून लोकांच्या दबावामुळे चाचणी झाली असं होत नाही, लोकांना तर ती झाल्यावरच कळली. पातळ्या वेगळ्या ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, अशी उडी लगेच पकडता येते.

४. लिहिताना सगळ्या पातळ्यांना सारखी जागा देऊ नका. तुमच्या प्रश्नाला जी सगळ्यात जास्त लागू पडते ती आधी आणि सविस्तर, बाकीच्या दोन-दोन ओळींत.